घरची चंदी

आमच्या ह्यांचं पहिलं लग्न एका घोड्याशी झालेलं होतं, हे मला त्यांच्याशी लग्न झाल्यावर कळलं. माझे वडील आमगावला शाळामास्तर होते. स्थळ बघायला गेले तेव्हा त्यांनी बांध्या म्हणजे धानाची खाचरं पाहिली, विहीर पाहिली, बैलजोडी पाहिली, आणि मागच्या वाडीत बांधलेला एक उंच तांबडा घोडाही पाहिला. घरी येऊन आईला म्हणाले, "मुलगा जरा शौकीन दिसतो." आई म्हणाली, "घोड्याचाच शौक आहे ना, मग हरकत नाही." तिला काय ठाऊक.

आमचं गाव आमगाव आणि दरेकसा यांच्या मधे, रुळापासून हाकेच्या अंतरावर. आता गोंदिया जिल्हा म्हणतात, तेव्हा आम्ही भंडाऱ्यात मोडत होतो. घरात माणसं तीनच: हे, ह्यांची आई आणि मी. सासरे मी यायच्या कितीतरी आधी गेले होते. सासूला सगळं गाव माय म्हणायचं, म्हणून मीही माय म्हणू लागले. बाई ठेंगणी, काळीसावळी, बोलायला फटकळ. घरात आलेल्या कोणालाही ती आधी खाऊ घालायची आणि मग नाव विचारायची. मला तिने पहिल्या दिवशी पाटावर बसवलं, ताट पुढे ठेवलं, आणि मी संपवीपर्यंत समोरून हलली नाही. मी लाजून हळूहळू खात होते तर म्हणाली, "इतकंसं खाऊन रोवणी कशी करशीन वो?"

घोड्याची हकीकत ह्यांनी मला लग्नानंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितली. तरुणपणी हे घर सोडून पूर्वेला गेले होते. दरेकशाच्या डोंगरापलीकडे तेव्हा संस्थानं होती, आणि त्यांतल्या एका राजाला शर्यतीच्या घोड्यांचा नाद होता. त्याच्या पागेत हे आधी शेण उचलायला लागले, मग खरारा करायला, आणि शेवटी या घोड्याचे सईस झाले. घोडा विलायतेहून बोटीने आलेला, अस्सल थरोब्रेड. कलकत्त्याला आणि मुंबईला त्याने मोठमोठे कप मारले होते. हे त्याच्याबरोबर आगगाडीच्या डब्यात गवतावर झोपून जायचे आणि तसेच परत यायचे. त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. ते आमच्या गावात कोणाच्या जिभेला पेललं नाही.

मग एका शर्यतीत त्याच्या पुढच्या पायाची शीर दुखावली. ह्यांच्या मते त्यात वाईट काही नव्हतं, कारण अशा घोड्याची खरी कामगिरी पळणं संपल्यावरच सुरू होते. जिंकलेल्या घोड्याला बाप म्हणून ठेवतात, निवडक घोड्या त्याला दाखवतात, आणि त्याची शिंगरं मोठी होऊन पळू लागली की मग जगाला कळतं की त्याच्या रक्तात काय होतं. राजाच्या पागेत त्याची काही शिंगरं झालीही. पण ती अंगठ्याएवढी असतानाच देश स्वतंत्र झाला, संस्थानं गेली, आणि राजाने पागा मोडली. घोड्या आणि शिंगरं मुंबईपुण्याकडचे लोक घेऊन गेले. लंगडलेल्या बापाला कोणी विचारलं नाही. त्याच्या पोरांनी अजून पळून दाखवलेलं नव्हतं, मग बापाची किंमत कोण करणार? राजाने ह्यांना बोलावून सांगितलं, "तुम ही ले जाओ."

तर हे त्याला घेऊन आले. डोंगरातून, दरेकशाच्या जंगलातून, पायी. घोडा असून हा माणूस चालत काऊन येऊन राहिला, म्हणून गावाने पोट धरून हसून घेतलं. त्याच्या पाठीवर ह्यांनी पुन्हा कधी मांड टाकली नाही. पायाला भार नको म्हणायचे.

ह्यांच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी माझ्यापासून कधी लपवली नाही. या घोड्याला बाप म्हणून त्याचा मान मिळाला पाहिजे. त्याची पोरं कुठेतरी पळतील, जिंकतील, आणि मग ज्यांनी त्याला टाकलं ते त्याला शोधत येतील. बस. शेती, मी, घर, हे सगळं ते वाट बघता बघता करत होते. माझ्याशी दिवसाकाठी चार शब्द बोलायचे, तेही "पाणी आन" आणि "दिवा लाव" यांच्यातले. घोड्याशी मात्र हिंदीत तासन् तास. "आओ बेटा, पाँव दिखाओ, आज दर्द है क्या?" मला कधी कोणी विचारलं नाही आज दर्द है का.

घोड्याच्या दाण्याला चंदी म्हणतात. त्याची चंदी हरभऱ्याची. आमच्या भागात धान पिकतं, आणि धान कापायच्या आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात लाखोरी, म्हणजे लाखेच्या डाळीचं बी, फेकतात. धान निघालं की तीच हिरवीगार वर येते. तिची कोवळी पानं भाजीला, दाणे वरणाला, बाकीचं बैलांना. घरचं खाणं म्हणजे भात आणि लाखोरीचं वरण. हरभरा आणि गहू आमगावच्या बाजारातून यायचे, आणि ते पाहुण्यासाठी असायचे. पाहुणा आला तर पोळी आणि चण्याची डाळ. पाहुणा गेला की आम्ही पुन्हा आमच्या भातावर. ही रीत मोडली तर पाहुण्याचा अपमान, असं माय मानायची.

म्हणून घोड्याच्या हरभऱ्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. "पावना आहे तो," म्हणायची. "पावन्याले का लाखोरी वाढू?" ती त्याला पावनाच म्हणायची आणि गावातही तेच नाव पडलं. सकाळी ती स्वतः चंदी भिजत घालायची, भांडं डोक्यावर घेऊन वाडीत जायची, आणि तो खाईपर्यंत समोर उभी राहायची. मी आले त्या दिवशी माझ्यासमोर उभी होती अगदी तशीच. माणूस असो, जनावर असो, खाणाऱ्याचं तोंड बघायला तिला आवडायचं.

मानाची वाट बघता बघता घोड्याने गावात जे केलं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. आमच्याकडे घोडी म्हणजे बाजाराबाजारांतून ओझी वाहणाऱ्यांची टट्टं. हे आधी नाक मुरडायचे. पण घोडी माजावर आली की मालक दारात येऊन बसायचे, आणि मायचा नियम असा की दारात आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही. पुढे दोन-तीन वर्षांत आमगावच्या बाजारात चमत्कारिक जनावरं दिसू लागली. धड टट्टाचं, पाय हरणाचे, कपाळावर बापासारखा पांढरा टिळा. गाडीची शिट्टी वाजली की ती ओझ्यासकट पळायची. एक बांगड्या विकणारा कासार आमच्या अंगणात येऊन हातभर लांब तक्रार सांगून गेला. त्याच्या शिंगराने पॅसेंजर गाडीशी शर्यत लावली होती आणि गावच्या गाव बांगड्यांच्या काचांनी सजवलं होतं. हे गंभीर चेहऱ्याने ऐकत होते. मग विचारलं, "गाडीच्या पुढे होता का मागे?" कासार म्हणाला, पुलापर्यंत पुढे होता. त्या दिवशी हे माझ्याशीसुद्धा पुष्कळ बोलले.

अशी काही वर्षं गेली. एका वर्षी धानाची कापणी उरकत आली असताना ह्यांचा एक जुना पागेतला जोडीदार आमगाव स्टेशनवर उतरून आमच्या घरी आला. तो आता पुण्याकडच्या एका घोड्यांच्या फार्मवर होता. माय त्याला वाढत होती आणि तो घास तोंडात घेऊन सांगत होता. पावन्याची पोरं पळू लागली होती. एक मुंबईत पहिलं आलं होतं, एक कलकत्त्यात, आणि एका मादीने तर मोठ्या मोठ्या नरांना मागे टाकलं होतं. फार्मवाले आता विचारत होते की यांचा बाप आहे कुठे. जोडीदाराने सांगितलं, जिवंत आहे, माझ्या मित्राकडे आहे. शिमग्याच्या सुमाराला मालकाचा डॉक्टर स्वतः बघायला येणार होता. घोडा ठीक असला तर फार्मवर नेणार, आणि सईस म्हणून ह्यांनाही.

हे जेवता जेवता उठले आणि वाडीत गेले. मी मागून गेले तर घोड्याच्या मानेवर कपाळ टेकून उभे. मला बघून तोंड पुसलं आणि म्हणाले, "धूळ गेली डोळ्यात." नवरा पुण्याला जाणार म्हणून मला रडायला हवं होतं, पण त्यांना इतकं सुखात मी कधी पाहिलेलं नव्हतं, आणि मला तेच बघत राहावंसं वाटलं.

जोडीदार जेवून गेल्यावर माय चुलीतली लाकडं मागे ओढत होती. मग म्हणाली, "जाऊन राहिला का मंग पावना?" हे म्हणाले, "हो माय." ती म्हणाली, "इतके वर्सं झाले, अजून मी त्याले पावनाच म्हून राहिली. पावना कायचा? घरचा होय तो. लेकरू घरून जाते तं घरचं खाऊन जाते."

आमच्याकडे मुलगी सासरी जायची असली की तिला आधीचे काही महिने घरचं खाऊ घालतात. घरचं दूध, घरचं तूप, घरच्या दाण्याचं. पुढे कोणाच्या हातचं मिळेल कोण जाणे. मायला स्वतःची मुलगी नव्हती. तिने त्या दिवसापासून घोड्याला पाठवणीची मुलगी केलं. कोठीतली लाखोरी काढली, निवडली, पाखडली, आणि मोठ्या गंजात शिजवून, वर थोडं मीठ आणि गूळ टाकून, त्याच्यापुढे ठेवली. तिचा हिशोब सरळ होता. लाखोरीने बैलांच्या अंगावर तेज येतं, मानेत जोर येतो. बैलापेक्षा घोड्याचं काय वेगळं?

त्याने आधी नाक लावून बघितलं. मग गूळ लागला आणि भांडं चाटून पुसून मोकळं केलं. मायने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तिने कप मारला. हे तिथेच उभे होते. त्यांना मी स्पष्ट विचारलं, चालेल ना त्याला? कारण मास्तरची मुलगी, मला प्रश्न विचारायची खोड. ते हसून म्हणाले, "खाऊ दे. माय म्हणते तं खाऊ दे." ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. खाऊ दे हे शब्द त्यांचेच. पागेत चंदी वरून तयार यायची. तिच्यात काय घालायचं नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि राजाच्या घोड्यापुढे लाखोरी ठेवायचं तिथे कोणाच्या मनातही आलं नसतं.

मग सारी थंडी हेच चाललं. हरभरा बंदच झाला. सकाळी शिजवलेली लाखोरी, दुपारी बांधीतून उपटलेली हिरवी लाखोरी, संध्याकाळी पुन्हा शिजवलेली. शेजारच्या बायाही लुगड्याच्या ओच्यात हिरवी पेंढी आणून द्यायच्या. पावना पुण्याले जाऊन राहिला म्हणून सगळ्यांना कौतुक. अंगावर तकाकी अशी आली की ऊन पडलं की बघवत नसे. ह्यांनी खरारा करता करता मायला हाक मारून दाखवलं, "माय, बघ, आरसा झाला." माय पदराने त्याच्या डोळ्यांतली घाण पुसत म्हणाली, "नजर नोको लावू."

संक्रांत झाल्यावर चालताना त्याचे मागचे पाय जरासे लटपटू लागले. ह्यांना वाटलं पुढच्या दुखऱ्या पायामुळे भार मागे पडतो आहे. तेल कढवून मालिश सुरू केली. मग त्याचा श्वास वाजू लागला. उभा असताना काही नाही, पण वाडीभर फिरवला की घशातून घरघर यायची, लांबून करवतीचा आवाज यावा तशी. हे म्हणाले सर्दी आहे, आणि ओव्याचा धूर दिला. मायला तो आवाज आवडला. "जोर आला अंगात," म्हणाली, आणि ताकद कमी पडू नये म्हणून गंज आणखी भरला.

शिमग्याच्या आधी डॉक्टर आले. जोडीदार त्यांना स्टेशनवरून बैलगाडीत घेऊन आला. डॉक्टर उतारवयाचे, पूर्वी पलटणीत घोड्यांचे डॉक्टर होते, हिंदी बोलायचे. अंगणात सारा गाव जमला होता. घोड्याच्या कपाळावर मायने कुंकू लावलं होतं. डॉक्टर त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "वाह." ह्यांच्या चेहऱ्यावर त्या एका शब्दाने जे आलं, ते मी मेले तरी विसरणार नाही.

"ज़रा चलाओ," डॉक्टर म्हणाले.

हे दोर धरून पुढे निघाले. घोडा चालला. मागचे पाय एकमेकांत येत होते. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "दौड़ाओ," म्हणाले. हे धावले, घोडा धावायला गेला, आणि चार टापांत ती घरघर एवढी मोठी झाली की बैल दावणीत उठून उभे राहिले. वळताना त्याचा मागचा भाग एका अंगाला कोसळला. तो पुढच्या पायांवर तसाच बसल्यासारखा राहिला, मग धडपडत उठला. अंगणात कोणी हसलं नाही.

डॉक्टरांनी त्याच्या गळ्याला हात लावून बघितला, कंबरेवरून अंगठा दाबत नेला. मग विचारलं, "खिलाते क्या हो?"

हे काही बोलायच्या आत माय पुढे आली. तिला वाटलं तिला शाबासकी मिळते आहे. तिने सगळं सांगितलं. सकाळी किती, संध्याकाळी किती, गूळ किती, हिरवी कोणाच्या बांधीतली. बैलांना देतो तीच, आम्ही खातो तीच, घरची. डॉक्टर शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "माँजी, लाखोरी घोड़े के लिए ज़हर है."

त्यांनी पुढे समजावून सांगितलं, वाईट बोलले नाहीत. बैल पचवतात, पण घोड्याच्या मागच्या पायांच्या आणि गळ्याच्या नसा तिने मरतात. पलटणीत त्यांनी असे घोडे पाहिले होते. आता तो घोडीवर चढू शकणार नाही आणि गाडीच्या डब्यात तर श्वास कोंडून वाटेतच मरेल. आता दाणा बंद केला तरी गेलेलं परत येणार नाही. जोडीदार मान फिरवून उभा होता. माय एकदा डॉक्टरांकडे, एकदा घोड्याकडे बघत होती. मग तिने ह्यांना विचारलं, "बापू, जहर म्हनून राहिले का ते? आपन बी तं खातो."

हे घोड्याला घेऊन वाडीत गेले. डॉक्टर दुपारच्या पॅसेंजरने परत गेले. जाताना म्हणाले, तू एकटा आलास तरी जागा आहे, त्याच्या पोरांना तुझ्यासारखा माणूस हवा. हे म्हणाले, "इसको छोड़ के कैसे आऊँ?"

त्यानंतर घोडा उन्हाळ्यापर्यंत जगला. चंदी पुन्हा हरभऱ्याची झाली. ती हे स्वतः भिजवायचे आणि स्वतः न्यायचे. माय वाडीच्या दारापर्यंत जायची, आत जायची नाही. एका भर दुपारी, काय झालं आहे हे ठाऊक नसलेला देवरीकडचा एक बाजारकरी आपली घोडी घेऊन दारात आला. घोडीचा वास लागताच पावना खिंकाळला. इतका मोठा खिंकाळला की मी घरातून धावत आले. त्याने दोर ताणला, पुढचे पाय उचलून उभा राहायला गेला, आणि श्वास आत गेला तो बाहेर आलाच नाही. ह्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. गळा चोळत राहिले. "साँस लो बेटा, साँस लो," म्हणत राहिले. माय दारात पाण्याची कळशी घेऊन उभी होती आणि तिला ती कोणाला द्यावी ते कळत नव्हतं. ह्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

वाडीतच त्याला पुरलं. गावातली माणसं आली, खड्डा खणला. कासारही आला होता.

ह्यांनी मायला त्यावरून एक अक्षर कधी बोलून दाखवलं नाही. लोक म्हणायचे, केवढा समजूतदार मुलगा. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. घोडा गेला त्या संध्याकाळी माय ताट घेऊन त्यांच्यासमोर आली. ते पाटावरून न उठता, वर न बघता, मला म्हणाले, "तू वाढ." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तिच्या हातचं पाणीसुद्धा ते घेईनात. मी घरात नसले तर उपाशी शेतावर जायचे. मायने पहिले काही दिवस ताट आणलं, मग आणणं सोडलं. मला त्या माणसाचा फार राग आला होता, आणि आज ते नाहीत तरी अजून आहे. आरडाओरडा करायचा होता, एकदा भांडून घ्यायचं होतं. खाऊ दे म्हणणारे तुम्हीच ना, असं मी त्यांना बैलांच्या गोठ्यात गाठून तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "माहीत आहे मले." आणि शेण उचलत राहिले. त्यांना ठाऊक होतं, आणि तरी त्यांच्या घशाखाली तिच्या हातचा घास उतरत नव्हता. मी तरी काय करणार होते?

मायने हळूहळू चूलच सोडली. मी स्वयंपाक करायची, ती लाकडं फोडायची, धान कांडायची, अंगण सारवायची. दारात कोणी आलं तर मला हाक मारायची, "बाई, पावना आला, त्याले वाढ." स्वतः आत निघून जायची. आम्ही लाखोरी खात राहिलो, दुसरं होतं काय? पण माय वरणाच्या वाटीकडे बघत बसायची आणि कोरडा भात खायची.

मग आमच्या घरी मुलगी झाली. मायने तिला न्हाऊ घातलं, तेल लावलं, छातीशी धरून अख्ख्या गावात फिरवलं. मला वाटलं आता सगळं ठीक होईल. मुलीचं उष्टावण झालं तेव्हा पहिला घास आजीने द्यावा म्हणून मी वाटी तिच्या हातात दिली. तिने ती माझ्या भावाच्या हातात दिली आणि विहिरीवर गेली. 

त्या पावसाळ्यात रोवणीला माणसं मिळेनात, तेव्हा मीही बांधीत उतरले. मुलगी घरी मायजवळ. पेज करून वाटीत काढून ठेवली, चमचा ठेवला, आणि मायला म्हटलं, "उठली की पाज. मी लवकर येते." ती हो म्हणाली. पण पाऊस लागला, चिखल झाला, आणि मला यायला दुपार टळली. अंगणातूनच आवाज येत होता. मुलगी रडून रडून बसलेल्या आवाजात हुंदके देत होती. आत गेले तर वाटी भरलेली, वर साय धरलेली. मुलगी जमिनीवर. आणि माय तिच्यासमोर बसलेली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"माय, अहो लेकरू उपाशी आहे," मी ओरडले.

"माह्या हातानं नोको वो," ती म्हणाली. "तू आली ना, तू पाज. माह्या हातानं नोको."

माझ्यामागे दारात हे उभे होते. पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्यावर पोत्याची खोळ. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे वळून बघितलं. म्हणा, माझ्या मनात आलं, एकदा म्हणा. माय, तू पाज, एवढंच म्हणायचं होतं. तीही त्यांच्याकडेच बघत होती. त्यांचे ओठ हलले असं मला वाटलं. मग ते वळले आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

मी हात न धुताच मुलीला पाजलं.

माय गेली ती आपलं नवं मराठी राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षी. ताप साधाच होता, पण तिने खाणं टाकलं होतं. शेवटच्या सकाळी तिला माझ्या मांडीवर घेऊन मी तोंडात चमच्याने पाणी घालत होते, तर ते ओघळून जात होतं. दात मिटलेले. हे पायाशी बसले होते. ते उठले, माझ्या हातातला चमचा घेतला, आणि स्वतः तिच्या ओठांना लावला. म्हणाले, "माय, घे."

तिने डोळे उघडून कोण आहे ते बघितलं, आणि तोंड उघडलं. त्यांनी जे घातलं ते तिने सगळं घेतलं.